समोरची 'ती' खरंच ती आहे का? फेक प्रोफाइल ओळखायची कशी, अडकलात तर सुटायचं कसं

नाव खोटं असलं की माणूस फ्रॉडच, हे आधी डोक्यातून काढून टाका. आपल्या नाशिकमधल्या कितीतरी मुली मोबाइलवर गेम खेळताना मुलाचं नाव लावून खेळतात, कारण मुलीचं नाव दिसलं की व्हॉइस चॅटवर काय काय ऐकून घ्यावं लागतं ते त्यांचं त्यांनाच माहीत. जुना फ्रिज विकायचा तर बायका नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या नावाने अ‍ॅड टाकतात, नाहीतर फ्रिज राहतो बाजूला आणि 'हाय' चे मेसेज सुरू होतात. काहींना आपण मुलगा आहोत की मुलगी हे घरी मोकळेपणाने सांगता येत नाही, ते ऑनलाइन तरी आपल्याला आपलं वाटणाऱ्या नावाने वावरतात. ही सगळी माणसं कोणाचं काही घेत नाहीत, कोणाला लुबाडत नाहीत, त्यांना उगाच त्रास देऊ नका.

म्हणून माझं म्हणणं असंय की बाई आहे का पुरुष यावर डोकं शिणवायच्या आधी समोरचा मागतोय काय ते बघा. पैसे, अंगावर कपडे नसलेला फोटो किंवा व्हिडिओ, ओटीपी, तुमच्या कामाच्या ठिकाणची माहिती, किंवा "आपलं बोलणं कोणाला सांगू नकोस हं" ही अट, यातलं एक जरी आलं तरी नाव खरं असो नाहीतर खोटं, तिथेच थांबायचं. बाकी सगळी तपासणी त्यानंतर.

आपल्याकडे कोणती सोंगं फिरतात

पहिलं सोंग फौजीचं, आणि हे नाशिकमध्ये फार चालतं त्याला कारण आहे. देवळालीला तोफखान्याचं स्कूल ऑफ आर्टिलरी, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर, गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचं ट्रेनिंग स्कूल, त्यामुळे युनिफॉर्ममधला माणूस आपल्याला रोजचा आहे आणि त्याच्यावर आपला विश्वास पटकन बसतो. अ‍ॅड येते, अ‍ॅक्टिवा किंवा बुलेट, एकदम कमी भावात, "देवळाली कॅम्पला पोस्टिंग होती, अचानक जम्मूला ट्रान्सफर झाली, गाडी नेता येत नाही". तुम्ही फोन केला की लगेच आयकार्डचा फोटो, कॅन्टीन कार्डचा फोटो, युनिफॉर्ममधला फोटो, न मागता. न मागता आयकार्ड पाठवणारा फौजी हीच पहिली खूण समजा, खरा जवान कार्ड असं कोणालाही व्हॉट्सअ‍ॅप करत बसत नाही. मग म्हणतो गाडी आर्मीच्या ट्रान्सपोर्टने घरपोच येईल, आधी थोडे पैसे भरा, मग गेटपास, मग जीएसटी, मग "रिफंडेबल" डिपॉझिट, असं करत करत पैसे जात राहतात. उपाय एकदम सोपा, "मी कॅम्पातच येतो, गाडी बघतो आणि कॅश देऊन घेऊन जातो" असं म्हणा. त्यानंतर जी कारणं सुरू होतात ना, ती ऐकली की आपल्यालाच कळतं.

हाच फौजी कधीकधी भाडेकरू बनून येतो. पाथर्डी फाट्याला तुमचा फ्लॅट भाड्याने द्यायचाय, हा न बघताच पसंत करतो, भाव करत नाही, आणि म्हणतो "आर्मीच्या अकाउंटमधून पैसे येणार, तुम्ही हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणजे तुमच्या खात्यात जमा होतील". एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ करून घ्या, आजीला सुद्धा, की पैसे येण्यासाठी पिनही लागत नाही आणि स्कॅनही करावं लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच.

दुसरं सोंग मुलीचं, आणि याच्यामागे बहुतेक वेळा मुलगी नसतेच. रिक्वेस्ट येते, डीपी छान, दोन दिवस "जेवलास का", "काय करतोस", मग नंबर मागते, मग रात्री साडेअकराला व्हिडिओ कॉल. समोर जी दिसते ती आधीच रेकॉर्ड केलेली क्लिप असते, तिकडे तुमचा चेहरा स्क्रीन रेकॉर्ड होत असतो. कॉल कट, आणि लगेच ती क्लिप तुमच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर, सोबत तुमच्या फ्रेंडलिस्टचा स्क्रीनशॉट, त्यात मामा, वहिनी, ऑफिसचे साहेब, सगळे. "पैसे टाक नाहीतर सगळ्यांना पाठवते". काही मुलांनी कॉलवर काहीही केलेलं नसतं, नुसता चेहरा दाखवलेला असतो, तरी तो चेहरा दुसऱ्याच्या अंगावर चिकटवून तसाच व्हिडिओ बनवतात. म्हणजे "मी तर काही केलंच नाही" असं म्हणणाराही यात सापडतो, त्यामुळे जो सापडला त्याच्याकडे वाईट नजरेने बघायचं काही कारण नाही.

तिसरं लग्नाच्या साइटवरचं. मुलगा लंडनला नाहीतर अमेरिकेत, डॉक्टर नाहीतर मर्चंट नेव्हीत, घटस्फोटित किंवा विधुर, कारण ही मंडळी चाळिशीच्या आसपासच्या एकट्या बायका हेरतात. महिनाभर रोज गुड मॉर्निंग, तुमच्या आईची तब्येत विचारतो, मग म्हणतो गिफ्ट पाठवलंय किंवा मीच येतोय, आणि मग दिल्ली एअरपोर्टवरून "कस्टम्स" चा फोन, पार्सलमध्ये परदेशी पैसे सापडले, दंड भरा. कस्टम्सवाले कोणाच्या पर्सनल खात्यावर यूपीआयने दंड घेत नाहीत, इथेच विषय संपतो.

चौथं तुमच्याच ओळखीचं. सरांचा फोटो, सरांचं नाव, "मीटिंगमध्ये आहे, अर्जंट पैसे टाक, संध्याकाळी देतो". यावर उपाय म्हणजे सरांना साधा फोन, दुसरं काही नको.

आणि पाचवं, जे इथे विशेष सांगायला हवं. ओझरला लढाऊ विमानं बनवणारी एचएएल आहे, नाशिकरोडला नोटांचा छापखाना आणि सिक्युरिटी प्रेस आहे, वर सांगितलेली लष्कराची ठिकाणं आहेत. इथे काम करणाऱ्यांना 'मुली' पैशासाठी नाही तर माहितीसाठी गाठतात. २०२३ च्या मे महिन्यात पुण्यात डीआरडीओ या संरक्षण संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेच्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला एटीएसने, म्हणजे दहशतवादविरोधी पथकाने, अटक केली, आरोपपत्रात म्हटलंय की समोरची व्यक्ती स्वतःला इंग्लंडमध्ये राहणारी सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणवत होती आणि धागेदोरे पाकिस्तानात निघाले. खटल्याचं काय व्हायचं ते कोर्टात होईल, पण एवढा शिकलेला, मोठ्या पदावरचा माणूस जाळ्यात सापडल्याचा आरोप होतो तर ट्रेनी पोरांनी किती सांभाळून राहायला हवं. गेटचा फोटो, शिफ्टची वेळ, मशिनसमोरचा सेल्फी, हे कोणालाच पाठवायचं नाही, बायको असली तरी नाही.

तपासायचं कसं

आधी फोटो. प्रोफाइल फोटोचा स्क्रीनशॉट काढा आणि गुगल लेन्सवर टाका, टिनआय म्हणून साइट आहे तिथेही टाका. चोरलेला फोटो असेल तर बऱ्याचदा कुठल्यातरी मॉडेलचा किंवा दुसऱ्याच राज्यातल्या मुलीचा निघतो. काही सापडलं नाही म्हणजे फोटो खरा असं मात्र नाही, कारण आता एआयने बनवलेले चेहरे असतात, ते जगात कुठे नसतातच. अशा फोटोत चेहऱ्यापेक्षा आजूबाजूला बघा, दोन कानातले सारखे आहेत का, मागच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं वाचता येतात का, हाताची बोटं नीट आहेत का. आणि गाडीचा फोटो असेल तर नंबरप्लेट बघा. नाशिकची एमएच १५, मालेगावची एमएच ४१, "गाडी नाशिकलाच आहे" म्हणणाऱ्याच्या फोटोत दुसऱ्या राज्याची प्लेट असेल तर विचारा तरी.

मग प्रोफाइल. इन्स्टावर प्रोफाइलच्या वरच्या तीन टिंबांत किंवा नावावर दाबलं की त्या अकाउंटची माहिती बघायचा पर्याय असतो, तिथे अकाउंट कधी सुरू झालं आणि बऱ्याच वेळा कुठल्या देशातून चालतं हे दिसतं, नाव किती वेळा बदललं तेही दिसतं. फेसबुकवर वर नाव दिसतं स्नेहा आणि लिंकमध्ये युजरनेम राहून गेलेलं असतं कुठल्यातरी मुलाचं, हे बदलायचं ते पुष्कळदा विसरतात. सगळे फोटो एकाच दिवशी टाकलेले, फ्रेंडलिस्टमध्ये फक्त पुरुष आणि तेही पाच राज्यांतले, हेही बघा. माझ्या मते सगळ्यात पक्की खूण म्हणजे नातेवाइकांचा पत्ता नसणं. आपल्याकडे मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोखाली मावशी, आत्या, चुलतभाऊ, शाळेतली मैत्रीण, कोणीतरी "हॅपी बर्थडे ताई" लिहिलेलंच असतं, कोणीतरी लहानपणीचा भयानक फोटो टॅग केलेला असतो. फेक प्रोफाइलला सगळं जमवता येतं, मावशी जमवता येत नाही.

आता भाषा. मराठीत हे सोंग फार वेळ टिकत नाही कारण क्रियापदात बाई-पुरुष येतोच. "मी आत्ताच जेवलो", "मी झोपलो होतो", असं बोलण्याच्या ओघात निसटतं, विशेषतः रात्री उशिरा किंवा भांडण झालं की. मग लगेच "टायपिंग मिस्टेक". वर स्क्रोल करून आठवड्याभराची चॅट एका बैठकीत वाचून काढा, रोज थोडं थोडं वाचताना न दिसलेलं एकदम दिसतं. पण एवढ्यावरून फासावर लटकवू नका कोणाला, कारण कोल्हापूर-सांगलीकडच्या बायका सहज "मी येतो", "मी जातो" म्हणतात, ती त्यांची बोली आहे. दुसरं म्हणजे भाषांतर केलेली मराठी. "मी आपल्या सोबत मैत्री करू इच्छिते, आपला दिवस कसा जात आहे" असं नाशिकची पंचविशीतली मुलगी बोलत नाही हो, ती "काय करतोय" विचारते. मात्र हल्ली भाषांतर इतकं साफ होतं की उद्या ही खूणही जाईल, म्हणून एकट्या भाषेवर विसंबू नका.

नाशिकची म्हणते ना, मग नाशिकचं विचारा, पण गुगलवर सापडेल असं नाही. रामकुंड, काळाराम मंदिर, पांडवलेणी कोणालाही सांगता येतं. "कॅनडा कॉर्नरला भेटू" असं सहज टाका, इथे राहणाऱ्याला त्यात विचारण्यासारखं काही वाटणार नाही आणि बाहेरचा बुचकळ्यात पडेल. सातपूरहून येताना पपया नर्सरीला किती ट्रॅफिक असतं, रविवार कारंज्यावरून सराफ बाजारात गाडी नेता येते का, असं बोलता बोलता विचारा. परीक्षा घेतोय असं वाटू देऊ नका, उत्तर यायला किती वेळ लागतो तेवढं बघा.

आवाजावर तर अजिबात जाऊ नका. २०२४ च्या मे महिन्यात मध्य प्रदेशातल्या सीधी जिल्ह्यात उघडकीला आलं की एक पुरुष आवाज बदलणारं अ‍ॅप वापरून कॉलेजची शिक्षिका बनून मुलींना फोन करत होता, स्कॉलरशिपचं सांगून त्यांना एकांतात बोलवायचं आणि तिथे अत्याचार, असे त्याच्यावर आरोप आहेत. मुलींनी बाईचा आवाज ऐकला म्हणून विश्वास ठेवला. म्हणजे इथे पैशांचा प्रश्नच नव्हता, जिवावरचं होतं. आपल्या मुलींना हे नीट सांगा की फोनवर बाई बोलते म्हणून बोलावलेल्या ठिकाणी एकटं जायचं नाही, स्कॉलरशिप असेल तर कागद कॉलेजच्या ऑफिसातच द्यायचे.

व्हिडिओ कॉलवर खात्री करायची असेल तर ती दिवसा करा आणि तुमचा कॅमेरा आधी बोटाने झाका. समोर चेहरा दिसला की "जरा चेहऱ्यासमोरून हात फिरव", "एका बाजूला पूर्ण वळ", "बाल्कनीत ये" असं म्हणा. रेकॉर्ड केलेली क्लिप असेल तर ती तुमचं ऐकत नाही, आणि एआयने लावलेला चेहरा असेल तर हात आडवा गेला की पुष्कळदा कडा हलतात. समोरची खरी असेल तर ती हसेल आणि करेल, कदाचित तुम्हालाही करायला लावेल, आणि तिने लावलंच पाहिजे.

आणि पैशांची गोष्ट आलीच तर, यूपीआयवर पाठवायच्या आधी बँकेतलं नाव स्क्रीनवर येतं. ते वाचा. गप्पा मारल्या एका मुलीशी आणि नाव आलं भलत्याच माणसाचं, "भावाचा नंबर आहे" हे उत्तर तयारच असतं. ट्रूकॉलरवर "सायबर क्राइम दिल्ली" दिसलं तरी घाबरू नका, तिथलं नाव लोकांनीच टाकलेलं असतं, कोणालाही काहीही टाकता येतं.

अडकलात तर, या क्रमाने

पैसे देऊ नका. कितीही घाबरला असाल तरी नाही. एकदा दिले की समोरच्याला कळतं हा देणारा आहे, मग रक्कम वाढते, वसुली थांबत नाही. ज्यांनी दिलेत त्यांनी लाजून पुढचे देऊ नका, तिथून थांबा.

चॅट डिलीट करू नका. सगळ्यांचा पहिला हात तिथेच जातो, घरचे बघतील म्हणून सगळं पुसून टाकतात आणि मग पोलिसांना दाखवायला काही राहत नाही. आधी स्क्रीनशॉट, त्यात नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा कारण वरचं नाव बदलतं. व्हॉट्सअ‍ॅप चॅट एक्सपोर्ट करा. पैसे गेले असतील तर यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक, समोरचा यूपीआय आयडी, रक्कम, वेळ. एवढं झालं की मग रिपोर्ट आणि ब्लॉक, उलट क्रमाने नाही.

पैसे गेले असतील तर हे सगळं जमवत बसायच्या आधी १९३० ला फोन. हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे, तुम्ही सांगितलं की ते पुढच्या बँकेला कळवून पैसे गोठवायचा प्रयत्न करतात. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात भराभर फिरवतात, म्हणून पहिला तास-दोन तास फार मोलाचे. "उद्या सकाळी करतो" यातच पैसे जातात. लाइन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, पोचपावतीचा नंबर मिळतो तो लिहून ठेवा. महिला आणि मुलांसंबंधीच्या अश्लील मजकुराची तक्रार तिथे नाव न देताही करता येते.

मग पोलिस. शहरात सातपूर, सिडको, पंचवटी, नाशिकरोड, देवळाली कॅम्प हे सगळं आयुक्तालयाखाली येतं, आणि निफाड, दिंडोरी, सिन्नर, ओझर, मालेगाव हे ग्रामीण पोलिसांकडे. दोन्हीकडे वेगळं सायबर पोलिस ठाणं आहे. जवळच्या साध्या पोलिस स्टेशनला गेलात तरी चालतं, "आमच्या हद्दीत नाही" म्हटलं तर झिरो एफआयआर म्हणा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द न बघता नोंद घ्यायची तरतूद आहे. एकटे जाऊ नका, एखादा मोठा माणूस सोबत घ्या, बोलायला धीर येतो.

कलमं माहीत असलेली बरी. दुसऱ्याचं सोंग घेऊन कॉम्प्युटर-मोबाइलवरून फसवणूक, आयटी कायदा कलम ६६ डी, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळखीची खूण वापरणं, ६६ सी, शिक्षा तेवढीच. भारतीय न्याय संहितेत सोंग घेऊन फसवणूक म्हणजे कलम ३१९, पाच वर्षांपर्यंत, आणि धमकावून पैसे उकळणं कलम ३०८, सात वर्षांपर्यंत. न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, त्यामुळे कोणी अजून ४२०, ४१९ म्हणत असेल तर तो जुना आयपीसी.

व्हिडिओ बाहेर जाईल ही भीती सगळ्यात मोठी असते, तर त्यावर एक काम करा. स्टॉपएनसीआयआय नावाची एक मोफत सोय आहे, २०२१ मध्ये सुरू झाली, तिथे तुमचा फोटो किंवा व्हिडिओ अपलोड होत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा एक कोड तयार होतो आणि फक्त तो कोड फेसबुक-इन्स्टासारख्या कंपन्यांना जातो, तीच फाइल कोणी टाकायला गेलं की ती ओळखून अडवता येते. अठरा वर्षांच्या आतल्यांसाठी अशीच टेक इट डाउन नावाची सोय आहे. सोबत फ्रेंडलिस्ट लॉक करा आणि जवळच्या चारपाच जणांना स्वतःहून सांगा, "माझ्या नावाने काही घाण आली तर उघडू नका, फ्रॉड आहे, रिपोर्ट करा". हे सांगणं जड जातं, पण सांगितल्यावर त्या धमकीत काही उरतच नाही.

यानंतर दुसरी लाट येते, त्यासाठी तयार राहा. "मी क्राइम ब्रांचचा इन्स्पेक्टर, त्या मुलीने आत्महत्या केली, तुझं नाव आलंय", किंवा "मी यूट्यूबमधून बोलतोय, व्हिडिओ अपलोड झालाय, काढायचे इतके पैसे", किंवा "आम्ही तुमचे गेलेले पैसे परत आणून देतो, फक्त फी भरा". तीच टोळी असते किंवा तिची भावंडं. पोलिस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, डिजिटल अरेस्ट नावाचं कायद्यात काही नाही.

आणि जर हे तुमच्या घरातल्या पोराबाबत झालं असेल तर आधी ओरडू नका. त्याने सांगितलं हेच खूप आहे. बदनामीच्या भीतीने या प्रकारात माणसं जीव देण्यापर्यंत जातात. त्या रात्री त्याला एकटं झोपू देऊ नका, मन खचलेल्यांशी बोलणाऱ्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. लहान मुलांसाठी १०९८.

तुमच्याच नावाने कोणी खोटं अकाउंट काढलं तर

त्या प्रोफाइलवर तीन टिंबं, रिपोर्ट, आणि 'कोणीतरी दुसरं असल्याचं भासवत आहे' अशा अर्थाचा पर्याय निवडा, मग 'मी'. तुम्हाला त्याने ब्लॉक केलेलं असेल तर मित्राच्या फोनवरून, तिथे 'माझा मित्र' निवडायचं. एक स्टेटस टाका की पैसे मागणारा मी नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रारही करा, २०२१ च्या आयटी नियमांनी सोंग घेतलेला किंवा मॉर्फ केलेला मजकूर तक्रारीनंतर ठरलेल्या मुदतीत काढायची जबाबदारी कंपनीवर टाकली आहे. तुमच्या आधारवर भलतंच सिम निघालंय का हे संचारसाथी पोर्टलवर बघता येतं, तुमच्या नावावर किती नंबर आहेत ती यादी येते, अनोळखी नंबर दिसला की तिथेच कळवा.

आणि तुम्हीच वेगळ्या नावाने राहत असाल तर

मुलगी असून मुलाच्या नावाने खेळणं किंवा टोपणनावाने लिहिणं हा गुन्हा नाही. फेसबुकचा नियम आहे की रोजच्या वापरातलंच नाव हवं, त्यामुळे तिथे अकाउंट बंद होऊ शकतं, इन्स्टा आणि एक्सवर टोपणनाव चालतं. आणि ज्यांना जन्मावेळी लिहिलेलं लिंग आपलं वाटत नाही त्यांच्यासाठी, सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या नालसा निकालात आपली लिंगओळख आपण ठरवायचा हक्क मान्य केलाय, तेव्हा तुमच्या नावाला कोणी फेक म्हणालं तर ते मनाला लावून घेऊ नका.

फक्त काही गोष्टी पाळा. दुसऱ्या कोणाचाही खरा फोटो लावायचा नाही, फूल लावा, चित्र लावा. त्या फोटोतल्या मुलीच्या घरी काय होईल याचा विचार करा. वेगळा ईमेल वापरा आणि अ‍ॅपला कॉन्टॅक्ट वाचायची परवानगी देऊ नका, नाहीतर तुमचं गुप्त अकाउंट 'तुम्ही यांना ओळखता का' म्हणून चुलत्याच्या फोनवर झळकतं. खिडकीतून काढलेला फोटो टाकू नका, समोरच्या बिल्डिंगवरून गंगापूर रोड आहे का इंदिरानगर ते इथल्या माणसाला लगेच कळतं. पैशांचा व्यवहार करायचा तर खऱ्या नावानेच. लग्नाच्या साइटवर तर काहीही लपवू नका, ओळख लपवून लग्न करायला लावून शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषाला न्याय संहितेच्या कलम ६९ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आणि समोरचा माणूस गुंतायला लागला, रोज वाट बघायला लागला, की खरं सांगा, भेट ठरायच्या आधी सांगा. चॅटवर सांगा, समोरासमोर सांगायला जाऊ नका, कारण तो कसा घेईल ते आपल्याला माहीत नसतं. सांगितल्यावर त्याने शिव्या दिल्या तर ऐकून घ्या आणि थांबा. शिव्यांच्या जागी धमक्या आल्या तर वरचा सगळा क्रम तुमच्यासाठीही आहे.

भेट ठरलीच, मग तुम्ही कोणीही असा, तर पहिल्यांदा कॉलेज रोडवरच्या गर्दीच्या कॅफेत, दिवसा. सोमेश्वरच्या धबधब्याला नाही, पांडवलेणीच्या मागच्या बाजूला नाही, कोणाच्या फ्लॅटवर तर नाहीच. आपल्या गाडीने जा आणि आपल्याच गाडीने परत या. निघायच्या आधी घरात एकाला तरी सांगा, घरी जमत नसेल तर मैत्रिणीला, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन आठ तासांसाठी पाठवून ठेवा.